धारण तलावातली तिवरं तोडायची का?

प्रश्न : ताई, आमच्या सोसायटीमागच्या धारण तलावात तिवरांचं, म्हणजे खाडीकाठच्या कांदळवनातल्या झाडांचं, रान माजलंय आणि पावसाळ्यात रस्त्यावर पाणी भरतं. तलाव माणसाने बांधलेला, मग त्यातली तिवरं निसर्गाची कशी? ती तोडून गाळ का काढत नाहीत?
– एक वाचक, वाशी

उत्तर : दादा, तलाव माणसाने बांधला, पण त्यातला गाळ खाडीने आणला. 1970 साली नवी मुंबई वसवणारी सिडको स्थापन झाली आणि आम्हा आगरी-कोळ्यांच्या खारजमिनींवर, मिठागरांवर शहर उभं राहिलं. जमीन सखल, म्हणून हे तलाव. भरतीला तलावाच्या खाडीकडच्या तोंडावरच्या झडपा पाण्याच्या दाबाने मिटतात, तेवढा वेळ पावसाचं पाणी तलावात थांबतं. ओहोटी लागली की झडपा उघडतात आणि ते खाडीत उतरतं.

घणसोलीच्या आमच्या खारात, म्हणजे खाडीलगतच्या भातशेतीत, हेच काम उघाडी, म्हणजे बांधातली झडप, करायची. बांधाला खांड गेली की खारं पाणी शेतात घुसायचं आणि भात हातचा जायचा. म्हणून पावसाआधी घरटी एक माणूस बांधावर चिखल टाकायला जायचाच. आजोबा त्यातून कुणालाही सूट देत नसत.

तलावांच्या झडपांची अशी निगा राहिली नाही. त्या नीट मिटेनाशा झाल्या की भरतीबरोबर गाळ आत येतो, गाळावर तिवराचं बी तरंगत येऊन रुजतं. चिखलातून वर आलेली त्याची श्वासमुळं आणखी गाळ धरतात. तेव्हा ही तिवरं खाडीचीही आहेत आणि आपल्या हयगयीचीही. कायदा तर हा भेद करतच नाही. जमीन कुणाचीही असो, कांदळवन तोडता येणार नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलं. सार्वजनिक कामासाठी तोडायचं तरी न्यायालयाची परवानगी लागते.

तुमच्या घरात पाणी शिरण्याची भीती मला समजते. पण सरसकट तोडीला माझा ठाम विरोध आहे. झडपा तशाच ठेवून तलाव उपसला, तर भरती पुन्हा गाळ भरणारच. आधी झडपा दुरुस्त व्हाव्यात, मग रीतसर परवानगीने तोंडाजवळचा आणि मधल्या वाटेचा गाळ निघावा. काठाची तिवरं राहू द्यावीत.

येत्या अमावास्येच्या उधाणाला, भरती चढत असताना, झडपेपाशी जाऊन पाहा. पाणी आत येत असेल तर फोटो काढा आणि सोसायटीच्या लेटरहेडवर विभाग कार्यालयात अर्ज द्या. मागणी झडपांच्या दुरुस्तीची करा.