ताई, भावाला खोलीत कोंडू नका

ताई, सगळ्यात आधी काकांना थांबवा. बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल.

तुमचा प्रश्न नव्यानं वाचणाऱ्यांसाठी दोन ओळीत सांगतो. परतूरकडच्या या ताईंचा भाऊ 26 वर्षांचा आहे. ट्रॅक्टरवरून पडून कंबरेला मार लागला. दुखणं थांबावं म्हणून ट्रामाडॉलच्या कॅप्सूल सुरू झाल्या, त्याला आता दीड वर्ष होतंय. रोज 50 मिलिग्रॅमच्या दहा-बारा लागतात. आई म्हणते लग्न लावून द्या, काका म्हणतात आठ दिवस खोलीत कोंडा, आणि ताई विचारतात की गावात बोभाटा न होता हे कसं मिटवायचं.

मी केज-अंबाजोगाई भागात एकवीस वर्षं मेडिकलचं दुकान चालवलं. सांगतोय त्यातलं बरंचसं काउंटरच्या आतून पाहिलेलं आहे, थोडं घरात भोगलेलं.

दहा-बारा म्हणजे 500-600 मिलिग्रॅम. डॉक्टर दिवसाला 400 च्या वर हे औषध देत नाहीत. जास्त झालं की झटके येतात, आपल्याकडं ज्याला फेफरं म्हणतात ते. माझ्या चुलतभावाला पोळ्याच्या दिवशी दारात आलं. बैलांची पूजा चाललेली, हातातलं ताट पडलं, तो आडवा, दात घट्ट बसलेले. कोणी कांदा फोडून नाकाला लावला, कोणी पायातली चप्पल काढून हुंगवली. तोंडातला फेस पदराने पुसत चुलती म्हणाली, "माझ्या लेकराला कुणाची नजर लागली बाई." तिथून पुढं चार अमावास्या आम्ही त्याला बाहेरचं बघणाऱ्याकडं नेलं. मला कळत होतं की ही बाधा नाही, हे कॅप्सूलचं आहे. त्यातल्या बऱ्याच पट्ट्या माझ्याच दुकानातून गेल्या होत्या, घरचाच पोरगा म्हणून चिठ्ठी न बघता. ट्रामाडॉल 2014 पासून एच-1 यादीत आहे, चिठ्ठी आणि रजिस्टरमधली नोंद दोन्ही बंधनकारक. 2018 च्या एप्रिलात ते अमली पदार्थांच्या कायद्याखालीही आलं. मला सगळं माहीत होतं आणि मी तोंड उघडलं नाही, कारण "भाऊ गोळ्या खातो" हे चारचौघांत बोलायला माझी जीभ रेटत नव्हती. त्या चार महिन्यांची भरपाई मी करू शकलेलो नाही.

म्हणून तुमच्या "बोभाटा न होता" या शब्दांवर मी अडलो. आपल्याकडं दारू पिणाऱ्याला लोक "घेतो जरा" म्हणतात, त्याच्या पंगतीला बसतात. गोळ्यांचं कळलं की आवाज खाली जातो आणि पोरगा एका दिवसात "वाया गेलेला" होतो. गर्दुल्ला हा शब्दच बघा. ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यात ब्राउन शुगर आली, त्या पुडीला गर्द म्हणायला लागले आणि ओढणाऱ्याला गर्दुल्ला. त्याच गर्दच्या साथीत 1986 साली डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण सुरू केलं आणि या मुलांना रुग्ण म्हणून आत घेतलं. त्याला आता जवळपास चाळीस वर्षं झाली. पण पेपरमध्ये चोरीची बातमी आली की अजूनही "गर्दुल्ल्यांचा उच्छाद" असंच छापतात. ज्या घरात तो पेपर वाचला जातो, त्या घरातला पोरगा आईला कसा सांगणार की मला सुटत नाही?

तुमचं घर एकटं नाही. केंद्र सरकारच्या 2019 साली आलेल्या पाहणीत देशात अफूजन्य पदार्थ घेणारे सव्वादोन कोटींच्या वर निघाले, म्हणजे 10 ते 75 वयातल्या शंभरात दोघं. त्यात हेरॉइन घेणारे आहेत तसे दुखण्याच्या औषधावर अडकलेलेही आहेत, आणि दोघांची संख्या फार लांब नाही.

आता कोंडण्याबद्दल. ही सगळी औषधं अफूच्याच वळणाची. बंद केली की बारा-चोवीस तासांत टर्की लागते, म्हणजे औषध तुटल्याचा त्रास. जांभया सुटतात, नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, पोटात पिळवटून जुलाब, पाय जागेवर थांबत नाहीत, झोप नाही. दुसरा-तिसरा दिवस सगळ्यात वाईट. आम्हीही चुलतभावाला कोंडलं होतं. बाहेरून कडी, आत एक घागर आणि बादली. तिसऱ्या रात्री तो दाराच्या फटीतून फक्त एवढंच म्हणत होता, "दादा, एक दे, मग मी झोपतो." मी अंगणात बसून ऐकत होतो. आठव्या दिवशी उठून जेवला, गावात सगळे म्हणाले सुटली.

खरा धोका तिथून पुढं असतो, आणि तो कुणी सांगत नाही. आठ-दहा दिवसांत शरीराची सहन करण्याची ताकद उतरलेली असते, ओढ मात्र तशीच राहते. अशा वेळी माणसानं जुन्याच हिशोबानं डोस घेतला की श्वास मंदावतो. "सुधरला होता, परत खाल्ली अन् गेला" असं गावात ऐकतो ना, त्यामागं बऱ्याचदा हे असतं. घोरल्यासारखा आवाज येतोय, हलवून उठत नाही, ओठ निळे पडलेत असं कधी दिसलं तर कुशीवर वळवा आणि ताबडतोब 108 ला फोन करा. सकाळी उठेल म्हणून चादर टाकून जाऊ नका. आमचा वाचला. कोंडून काढल्यावर तीनच आठवड्यांनी हे झालं, आणि गाडी वेळेत आली म्हणून.

उपचार आहे. त्यात ब्युप्रेनॉर्फिन नावाची गोळी असते, जिभेखाली ठेवायची. तिनं टर्की उतरते, ओढ कमी होते, माणूस शेतात कामाला जाऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेनं 2005 मध्येच ती अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. नातेवाईक म्हणतील, "एक नशा सोडवून दुसरी लावायलेत." बीपीची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्याला आपण असं म्हणतो का? चुलतभावानं ती दोन वर्षं घेतली. तेवढ्यात एकदा घसरलाही. डॉक्टरांनी आरडाओरडा केला नाही, पुन्हा डोस बसवून दिला. प्रत्येकाला तेच औषध लागेल असं नाही, ते तपासून डॉक्टर ठरवतील.

तुम्हाला संभाजीनगरचं घाटी, म्हणजे तिथलं सरकारी रुग्णालय, सोयीचं पडेल, मानसोपचार विभागात जा. इकडच्यांना अंबाजोगाईचं स्वाराती, लातूर, नांदेडची सरकारी मेडिकल कॉलेजं आहेत. जाण्याआधी बोलायचं असेल तर 14446 ही व्यसनमुक्तीची आणि 14416 ही टेलीमानसची हेल्पलाइन आहे. तोवर घरच्या घरी एकदम बंद करण्याचा प्रयोगही नको.

रिकामी पाकिटं जाळू नका, पिशवीत घालून सोबत न्या. संभाजीनगरात पोरं "बटन" म्हणतात त्या बहुतेक झोपेच्या गोळ्या असतात. त्या अफूच्या जातीच्या नाहीत, पण सगळ्यांना एकच नाव पडलंय, नशेच्या गोळ्या. भाऊ दोन्ही घेत असेल तर डॉक्टरांना कळायलाच हवं, कारण झोपेच्या गोळ्या एकाएकी तोडल्यानंही झटके येतात.

पोलिसांची भीती तुम्ही लिहिली आहे. डॉक्टर पोलिसांना कळवत नाहीत, 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं रुग्णाची माहिती गोपनीय आहे. आणि समजा स्वतःपुरता थोडा माल सापडून गुन्हा दाखल झालाच, तरी अमली पदार्थ कायद्याच्या 64-अ कलमात सोय आहे: व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल तर खटल्यातून सुटू शकतो, मात्र उपचार अर्धवट सोडायचे नाहीत. कुणी साखळीनं बांधणाऱ्या केंद्राचा पत्ता दिला तर तिकडं फिरकू नका. माणसाला साखळीनं बांधणं त्याच 2017 च्या कायद्यानं बंद केलंय.

लग्नाचं काही बोलूच नका. त्या पोरीनं कुणाचं काय बिघडवलंय?

एक वेगळी गोष्ट, पण याच भीतीची. माझ्या मावशीला तोंडाचा कॅन्सर होता, मिसरीचा. शेवटी डॉक्टरांनी मॉर्फिन लिहून दिलं. मामा म्हणाले, "अफू हाय ती, सवय लागंल." दीड महिना ती भिंतीकडं तोंड करून कण्हत राहिली. जिला दीडच महिना उरला होता, तिला सवय लागण्याची भीती आम्हाला वाटली. लोक अशा औषधावाचून तळमळू नयेत म्हणून 2014 मध्ये कायदासुद्धा सैल केला गेला, पण आमच्या घरात ते पोचलं नव्हतं. तुमच्या भावाची कंबर अजून दुखत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, नाटक करतोय असं समजू नका. दुखणं तसंच राहिलं तर तो परत त्याच पट्टीकडं जाईल.

आईला काय सांगायचं? आम्ही चुलतीला सांगितलं होतं, "काकू, दुखण्याच्या औषधानंच दुखणं लावलंय, त्याचा दवाखाना वेगळा आहे." ती बराच वेळ गप्प बसली, मग विचारलं, "डबा कामून द्यायचा का सोबत? अॅडमिट करतेत का?" एवढंच.

पहाटेची गाडी धरा, ओपीडीचे केस पेपर दुपारपर्यंतच निघतात. आधार कार्ड, जुनी एक्स-रे फाइल आणि ती पाकिटांची पिशवी. भावासोबत काकांना नको, तुम्हीच जा. डॉक्टर काय म्हणाले ते इथं लिहा, मी रात्री बघतो.