अयुमी हामासाकी: नुसता मेकओव्हर नव्हता तो

विचारलंयस की जपानी पॉप गायिका अयुमी हामासाकी १९९५ मध्ये सपशेल आपटली होती तर तीन-चार वर्षांत एवढी मोठी कशी झाली, आणि ही सगळी तिच्या रेकॉर्ड कंपनीच्या, म्हणजे एव्हेक्सच्या मेकअपवाल्यांची आणि जाहिरातवाल्यांची करामत का. पैसा ओतला होताच, नाही कोण म्हणतंय, पण माझ्या मते खरा फरक पडला तो गाणी कोण लिहितंय ह्यात.

आधी तो पहिला प्रकार बघ. फुकुओकाची पोरगी, चौदाव्या वर्षी टोकियोत आली, मॉडेलिंग, टीव्हीवर फुटकळ कामं, आणि डिसेंबर १९९५ मध्ये निप्पॉन कोलंबिया ह्या दुसऱ्या रेकॉर्ड कंपनीने तिचं 'नथिंग फ्रॉम नथिंग' हे रेकॉर्ड काढलं, कव्हरवर नाव नुसतं 'अयुमी' आणि आत काय तर रॅप! म्हणजे रॅप चालेल असं कोणाला तरी वाटलं असणार आणि ही समोर होती म्हणून हिला उभं केलं, असंच ऐकताना वाटतं. ओरिकॉनच्या, म्हणजे जपानमधल्या खपाच्या यादीत नावसुद्धा आलं नाही, कंपनीने हात झटकले. शाळाही सुटलेली. मग दिवसा टोकियोतल्या शिबुयाची फॅशनची दुकानं आणि रात्री रोप्पोंगीतला वेल्फारे डिस्को. तो डिस्को एव्हेक्सचाच, तिथल्या ओळखीतून एव्हेक्सचा प्रोड्यूसर मॅक्स मात्सुउरा ह्याच्याशी गाठ पडली, त्याने तिला कराओकेत ऐकलं आणि म्हणाला रेकॉर्ड करू या, तर हिला वाटलं ह्याचा हेतू काहीतरी वेगळाच दिसतोय, सरळ नाही म्हणाली.

नंतर कशीबशी तयार झाली तर गाण्याचे क्लास कंटाळवाणे म्हणून दांड्या. दुसऱ्या कोणी हाकलून दिलं असतं, ह्याने उलट न्यूयॉर्कला शिकायला पाठवलं. त्या काळात ती त्याला पत्रं लिहायची आणि ती पत्रं वाचून त्याने सुचवलं की तुझी गाणी तूच लिही. मला विचारशील तर सगळं इथेच फिरलं.

तरी रातोरात वगैरे काही नाही हं. एप्रिल १९९८ मध्ये आलेलं 'पोकर फेस' विसाव्या नंबरच्या वर गेलं नाही. पण १ जानेवारी १९९९ ला 'अ साँग फॉर ××' हा अल्बम आला तो थेट पहिल्या नंबरवर आणि खप दहा लाखांच्या वर. त्यातलं त्याच नावाचं गाणं नीट ऐक, शब्द शोधून वाच. लहानपणापासून 'किती खंबीर गं, रडत नाहीस, शहाणी आहेस' असं कौतुक ऐकत वाढलेली मुलगी, तिला ते कौतुक नकोच होतं, आणि लोक जितकं तसं म्हणत गेले तितकं तिला हसणंसुद्धा जड होत गेलं. वडील लहानपणीच घर सोडून गेलेले, आई आणि आजीने वाढवलेली, त्यामुळे हे कुठून आलंय ते सांगावं लागत नाही. बाहेरच्या गीतकाराने हेच लिहून दिलं असतं तर चक्क रडकं वाटलं असतं.

लूकचं म्हणशील तर त्याचाही वाटा आहेच, सोनेरी केस, ती नखं, ते डोळे, शिबुयाच्या पोरी जशीच्या तशी कॉपी मारायच्या. पण इतकी नटलेली मुलगी एकटेपणावर लिहिते हेच त्यांना भिडलं. शिवाय वेळही साधली, एव्हेक्सला हिट गाणी देणाऱ्या प्रोड्यूसर तेत्सुया कोमुरोच्या गाण्यांची लाट ओसरत होती आणि एव्हेक्सला नवीन चेहरा हवाच होता. पुढे तर डिसेंबर २००० च्या 'एम' पासून ती 'क्रेआ' नावाने चालीसुद्धा द्यायला लागली (क्रेआ हे तिच्या कुत्र्याचं नाव!).

आता एक गोष्ट लोक विसरतात. गाणी स्वतःची झाली म्हणून कंपनीचा लगाम सुटला असं झालं नाही. मार्च २००१ चा 'अ बेस्ट' हा गाजलेल्या गाण्यांचा संग्रह तिला काढायचाच नव्हता, तरी कंपनीने काढला, तोही तेव्हाची दुसरी मोठी गायिका उतादा हिकारू हिच्या 'डिस्टन्स' अल्बमच्याच दिवशी, म्हणजे दोघींची झुंज लावून दिली. अल्बम चाळीस लाखांच्या वर खपला, पण कव्हरवर बघ, चेहऱ्यावर अश्रू आहेत.

ऐकायचं असेल तर १९९५ वालं आधी ऐक, एकदाच, पुरे होतं. मग 'अ साँग फॉर ××' मूळ अल्बममधलं आणि लगेच 'अ बेस्ट'मधलं, तिथे तिने ते पुन्हा गायलंय, आवाज किती तयार झालाय ते लगेच कळेल. मग तिचा 'ड्यूटी' अल्बम.