दाराबाहेरचं एक मिनिट

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

स्मृतिभ्रंशाच्या विभागात तुला महिना झाला. हाताला काम बसतंय, पण रात्री पाठ टेकली की दिवसभरात ऐकलेले शब्द कानात घुमतात, असं तू लिहिलंस. आज त्याबद्दलच लिहिते.

अल्झायमरमध्ये मेंदूतला हिप्पोकॅम्पस लवकर झिजतो. नवी आठवण साठवणं हे त्याचं काम. २०१४ साली अशा रुग्णांना दुःखी आणि आनंदी चित्रफिती दाखवून एक अभ्यास झाला. काय पाहिलं ते बहुतेक पुसलं गेलं, पण उदासी किंवा बरं वाटणं मागे रेंगाळत राहिलं. म्हणजे सकाळी तू घाईने ओढलेली बाही आजी विसरतात, पण आक्रसलेलं अंग तसंच राहतं, आणि पुढे जी कोणी त्यांना भरवायला जाईल तिला ते सोसावं लागतं. तुझं याच्या उलट आहे. त्यांनी मारलेली चापट त्या विसरल्या, तुझ्या गालावर ती संध्याकाळपर्यंत असते. त्यांच्याकडून ‘चुकलं गं’ कधीच येणार नाही. म्हणून तो हिशेब दुसरीकडे, आणि त्याच दिवशी, मिटवावा लागतो.

पुढच्या खोलीत शिरण्याआधी दाराबाहेर थांब. चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, असे पाच. पन्नास सेकंद लागतात. तेवढ्यात मनात नेमकं काय आहे, त्याला नाव दे. ‘कसंतरी होतंय’ हे नाव नव्हे. राग आहे, भीती आहे, लाज वाटली की नुसता थकवा? भीती असेल तर सोबतीला दुसरं माणूस माग. थकवा असेल तर खोलीची अदलाबदल माग. लाज वाटली असेल, म्हणजे आपण त्यांच्यावर ओरडलो असू, तर वरिष्ठांना स्वतः जाऊन सांग. लपवलेली लाज दुसऱ्या दिवशी चिडचिड होऊन बाहेर पडते.

रुग्णांचा हात सर्वांत जास्त उगारला जातो तो अंघोळीच्या वेळी. गारठा, अंगावरचे कपडे निघणं, पाण्याचा आवाज आणि अनोळखी हात, सगळं एकदम अंगावर येतं. नेहमी समोरून जा, बाजूचं त्यांना कमी दिसतं. डोळ्यांच्या पातळीवर ये, नाव घे, एकच वाक्य बोल आणि मनात दहा मोजेपर्यंत गप्प राहा. उत्तर यायला तेवढा वेळ लागतो, आणि आपण तिसऱ्या सेकंदाला तेच पुन्हा विचारून त्यांना गोंधळात टाकतो. खांद्यांवर टॉवेल राहू दे, सुरुवात पायांपासून कर, डोकं शेवटी. त्यांनी तुझं मनगट धरलं तर मागे ओढू नकोस, पकड आणखी घट्ट होते आणि त्यांची पातळ कातडी सोलवटते. त्यांचा अंगठा आणि बोटं जिथे मिळतात, त्या फटीकडे आपला हात सावकाश वळव. तरीही ‘नको’ असेल तर वीस मिनिटांनी पुन्हा ये. अंघोळ दुपारी झाली तरी चालतं.

वागणं अचानक बदललं तर ‘आजार वाढला’ म्हणून सोडून देऊ नकोस. दुखणं, बद्धकोष्ठता, लघवीचा जंतुसंसर्ग, आधी हे तपासायला सांग. बोलून सांगता येत नसेल तर ‘पेनॅड’ ही दुखण्याची मोजणी कर: श्वास, कण्हणं-ओरडणं, चेहरा, शरीराची ठेवण, धीर दिल्यावर शांत होतात का. प्रत्येकाला ० ते २ गुण, एकूण दहा. तुझ्या नोंदवहीत ‘आज आजी हट्टीपणा करत होत्या’ असं होतं. त्याऐवजी ‘साडेचारला कपडे बदलताना ओरडल्या, उजवा गुडघा धरून होत्या’ असं लिहिलंस की पुढच्या पाळीतली मुलगी गुडघा पाहील. तुझाही राग तिथल्या तिथे ओसरेल, कारण ओरडणं तुझ्यावर नव्हतंच.

स्वतःच्या बोलण्याकडे मात्र कान ठेव. क्रिस्टिना मास्लाक आणि सुसान जॅक्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ साली कामातल्या मानसिक थकव्याची मोजपट्टी मांडली. तिच्यात तीन गोष्टी आहेत: मन रितं होणं, माणसांबद्दल कोरडेपणा येणं, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. मला सर्वांत जास्त काळजी दुसरीची वाटते. आजींचं नाव जाऊन ‘सात नंबर’ तोंडात बसलं, की समज. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली या थकव्याची नोंद कामाशी निगडित बाब म्हणून केली, आजार म्हणून नाही. तेव्हा तो स्वभावाचा दुबळेपणा मानू नकोस. दोघींचं काम एकटीवर पडत असेल तर श्वास मोजून ते हलकं होणार नाही. वरिष्ठांकडे स्पष्ट माग: विभागाबाहेर बसून घेता येईल अशी मधली सुट्टी, मारहाण झाली तर त्याच पाळीत दहा मिनिटांचं बोलणं आणि लेखी नोंद, आणि अवघड रुग्णासाठी आलटून पालटून दोघीच. रोज नवा चेहरा त्यांना सोसत नाही, रोज एकच चेहरा तुला झेपत नाही.

त्या आजींच्या गुडघ्याचं काय निघालं, ते कळव.

सस्नेह