“शाळेत नाही? मग दिवसभर करतो काय?”

पोराला शाळेत न घालता घरीच शिकवायचं म्हटलं की इंदूरच्या आपल्या मराठी मंडळींत हा प्रश्न गणपतीच्या आरतीनंतर हमखास येणार. वाद घालू नकोस. “दहावी एनआयओएसमधून, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून देणार, वयाची 14 वर्षं पूर्ण झाली की,” एवढंच सांग. परीक्षेचं नाव ऐकलं की निम्मे गप्प. कायद्याचा धाक घालणारेही भेटतील. 2009च्या शिक्षण हक्क कायद्यात 6 ते 14 वयाच्या मुलाला शाळेत घालणं पालकांचं कर्तव्य म्हटलंय, पण न घातल्यास पालकांना शिक्षेची तरतूद नाही. माहीत असू दे, ऐकवत बसू नकोस. खरा ताप पाहुण्यांचा: जिरावण मसाला घातलेल्या पोह्यांची बशी हातात घेऊन पोराला सतराचा पाढा विचारतात! तिथे मात्र मध्ये पड. “काका, पोहे गार होतायत.” आणि सासूबाईंकडे त्याचं मराठी वाचन सोपव, मग बाहेरच्यांना उत्तरं त्याच देतील.