उधाणाचे पाणी गटारांतून वस्तीत शिरते. संरक्षक भिंतीने ते थांबेल का?

आपण विचारले आहे की, खाडीकाठच्या आपल्या सखल वस्तीत पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला, पाऊस नसतानाही, गटारांतून पाणी वर येऊन रस्त्यावर साठते. ग्रामपंचायत काठाने काँक्रीटची संरक्षक भिंत बांधण्याच्या विचारात आहे, तर तिचा उपयोग होईल का. माझ्या मते निव्वळ भिंतीने हे पाणी थांबणार नाही. आधी नाल्यांची आणि गटारांची तोंडे भरतीच्या वेळी बंद होतील अशी सोय करावी आणि भिंतीचा विचार त्यानंतर करावा.

मी सांगलीत राहतो आणि स्थापत्य अभियंता म्हणून माझी बरीच वर्षे गटारांच्या आणि पाणीनिचऱ्याच्या कामांत गेली आहेत. सांगली समुद्रापासून दूर असली, तरी पाणी उलटे येणे आम्हाला चांगले ठाऊक आहे. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट धरली जाते. पण सूर्यवंशी प्लॉटसारख्या भागांत त्याच्या बऱ्याच आधी पाणी येते. एरवी नदीकडे वाहणाऱ्या नाल्यातला पालापाचोळा आधी जागच्या जागी थबकतो आणि मग हळूहळू घरांच्या दिशेने सरकू लागतो. चेंबरच्या झाकणाच्या भोकांतून झुरळे बाहेर पडतात आणि थोड्याच वेळात झाकणाच्या कडेने काळे पाणी झिरपू लागते. घाटावर उभ्या असलेल्या माणसाला त्या वेळी नदी अजून बरीच खाली दिसत असते. आपल्याकडे पाऊस नसताना पाणी गटारातून वर येते, म्हणजे तिथेही खाडी काठ ओलांडून येत नसून याच वाटेने येते आहे. ही वाट उघडी ठेवून काठावर कितीही उंच भिंत बांधली, तरी भिंतीच्या आतले आणि बाहेरचे पाणी एकाच पातळीला येईल.

आपल्यात आणि आमच्यात एक मोठा फरक आहे आणि तो आपल्या बाजूचा आहे. कृष्णा एकदा चढली की दिवसचे दिवस उतरत नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये ती आयर्विन पुलाजवळ 57 फुटांच्या पुढे गेली आणि आठवडाभराहून अधिक काळ शहर पाण्यात राहिले. इतके दिवस नाल्याची तोंडे बंद ठेवायची, तर आत पडणारा पाऊस आणि घरोघरचे सांडपाणी सतत पंपाने उपसत राहावे लागते. भरतीचे तसे नाही. दोन भरत्यांमध्ये सुमारे 12 तास 25 मिनिटांचे अंतर असते, त्यामुळे नाल्याचे तोंड फार खाली नसेल तर भरतीच्या माथ्याच्या आसपास काही तासच ते बंद ठेवावे लागते आणि ओहोटीला आतले पाणी आपोआप निघून जाते. जो उपाय आमच्याकडे अपुरा पडतो, तोच आपल्याकडे पुष्कळ काम करू शकतो.

सुरुवात मोजणीने करावी. प्रत्येक नाल्याच्या तोंडाची तळपातळी आणि वस्तीतल्या सर्वात खालच्या रस्त्याची पातळी ऑटो लेव्हलने (उंची-सखलता मोजायच्या दुर्बिणीने) घ्यावी आणि ती भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून पाहावी. इथे एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. तक्त्यातली भरतीची उंची बंदराच्या आधारपातळीपासून मोजलेली असते, तर आपल्या नकाशावरच्या पातळ्या सरासरी समुद्रसपाटीपासून. मुंबईत या दोहोंत सुमारे अडीच मीटरचा फरक आहे, म्हणजे तिथली साडेचार मीटरची भरती समुद्रसपाटीपासून सुमारे दोन मीटर उंच असते. हा फरक बंदरागणिक बदलतो. तो न पाहता आराखडा केला, तर दरवाजा आणि भिंत दोन्ही चुकीच्या उंचीला बसतील. पाणी नेमके कुठल्या तोंडातून शिरते, हे मात्र डोळ्यांनीच पाहावे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरती किती वाजता येईल ते कळते, हा आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब त्यासाठी पुरेसा आहे. फक्त सर्वात मोठे उधाण बहुधा पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी येते, हे ध्यानात ठेवावे.

नाल्याच्या तोंडावर बसवायचा दरवाजा ही काही नवी कल्पना नाही. कोकणातल्या खारबंधाऱ्यांना उघाडी असते, ती हेच काम करते: भरतीला बाहेरच्या पाण्याच्या दाबाने मिटते आणि ओहोटीला आतल्या पाण्याने उघडते. गटारासाठी याच तत्त्वाचा लोखंडी किंवा रबरी झडपेचा दरवाजा मिळतो. त्याला वीज लागत नाही, पण निगा लागते. प्लास्टिकची एखादी बाटली किंवा नारळाची सोडणे झडपेच्या कडेला अडकली की दरवाजा चार बोटे उघडा राहतो आणि सगळा खर्च फुकट जातो. म्हणून दरवाजाच्या आतल्या बाजूला जाळी, तिथवर उतरायला पायऱ्या आणि प्रत्येक उधाणापूर्वी तो साफ करणारा, त्यासाठी पगार घेणारा माणूस, एवढे अंदाजपत्रकातच धरावे.

दरवाजा बंद असताना पाऊस आला तर काय, हा प्रश्न पावसाळ्यात येणारच. समजा, वस्ती 10 हेक्टरची आहे आणि दरवाजा बंद असलेल्या तीन तासांत 50 मिलिमीटर पाऊस पडला. त्यातले 80 टक्के पाणी वाहून आले, तरी ते 4,000 घनमीटर होते, म्हणजे एक एकराच्या तळ्यात सुमारे एक मीटर खोल पाणी. असे तळे, किंवा पावसाळ्यात बुडू देता येईल असे मैदान, वस्तीच्या सखल टोकाला राखून ठेवले, तर पंप लहान लागतो. तळे नसेल तर तेवढेच पाणी उपसायला सेकंदाला सुमारे 370 लिटर उपसणारी यंत्रणा लागेल. मुंबईत हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह अशा ठिकाणी महापालिकेने मोठी उदंचन केंद्रे (पंपाने पाणी उपसणारी केंद्रे) उभारली, कारण तिथल्या बहुतेक पर्जन्यवाहिन्यांची तोंडे मोठ्या भरतीच्या पातळीखाली आहेत आणि साठवणीला जागा उरलेली नाही. दादरजवळच्या, दर पावसाळ्यात तुंबणाऱ्या हिंदमाता भागातले पाणी साठवायला तर मैदानांखाली टाक्या बांधाव्या लागल्या. आपल्याकडे जागा असेल, तर ती आजच राखून ठेवावी, असे मी आग्रहाने सांगेन.

व्हेनिसमध्ये 2020 पासून 78 झडपांचा प्रचंड अडसर समुद्राच्या भरतीला अडवतो, तरी तो ठरावीक उंचीच्या भरतीलाच उचलला जातो. त्याहून लहान भरतीचे पाणी सॅन मार्कोच्या चौकात जमिनीखालच्या जुन्या गटारांतून येते आणि त्यासाठी तिथेही गटारांचेच वेगळे काम करावे लागले आहे.

कांदळवनाबद्दल दोन शब्द. तिवरे लाटेचा जोर मोडतात आणि काठाची धूप रोखतात; मात्र संथपणे चढणारे उधाण ती अडवत नाहीत. त्यांचा याहून मोठा उपयोग असा की, कांदळवन आणि मिठागरे भरतीच्या पाण्याला पसरायला जागा देतात. तिथे भराव टाकला की ते पाणी शेजारच्या वस्तीकडे सरकते. सांगलीत सखल जागा आणि ओढे बुजवून प्लॉट पाडले गेले, त्याचे परिणाम आम्ही दर पुरात भोगतो, आणि ज्याने आपला प्लॉट भरावाने उंच केला त्याचे पाणी शेजाऱ्याच्या उंबऱ्यावर गेलेले मी पाहिले आहे. महाराष्ट्रात कांदळवन तोडण्यास आणि त्यात भराव टाकण्यास उच्च न्यायालयाची स्पष्ट मनाई आहे, तिचा आधार ग्रामसभेने जरूर घ्यावा.

ही कामे होईपर्यंत घरमालकांनी शौचालयाच्या आणि मोरीच्या नळीवर, चेंबरला मिळण्यापूर्वी, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी बाहेर जाऊ देणारी, पण उलटे येऊ न देणारी झडप) बसवावा आणि विजेचा मीटर वर घ्यावा.

भिंत केव्हा योग्य ठरेल? मोजणीअंती काठच मोठ्या उधाणाच्या पातळीखाली निघाला, किंवा खाडीच्या मुखाजवळ लाटा थेट आदळत असतील, तर ती लागेल. तेव्हा किनारा नियमन क्षेत्राची परवानगी घ्यावी लागेल आणि जागतिक सरासरी समुद्रपातळी सध्या वर्षाला सुमारे चार-साडेचार मिलिमीटरने वाढते आहे, हे धरून उंची ठरवावी लागेल. नाल्यांच्या तोंडांच्या आणि सर्वात खालच्या रस्त्याच्या पातळ्या, वस्तीचे क्षेत्रफळ आणि जवळच्या बंदराचे नाव आपण कळवलेत, तर दरवाजा किती तास बंद राहील आणि तळे केवढे लागेल, याचा हिशेब मी इथेच करून देईन.