समुद्री मत्स्यटाकीतील लवणता मोजताना
तुम्ही एक लिटर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ घालून त्याला दर हजारी ३५ लवणता म्हटले आहे. परंतु हे प्रमाण द्रावणाच्या एकूण वजनावर काढतात, त्यामुळे तुमचे द्रावण कोरड्या मिठानेही ३४ च्या आसपासच भरेल, आणि मिठाने दमटपणा धरला असल्यास त्याहूनही कमी. म्हणून वजनावर न विसंबता, मीठ पूर्ण विरघळल्यावर मोजणी करावी. तरत्या घनतामापकाला चिकटलेला लहानसा बुडबुडाही आकडा फसवा वाढवतो; माझ्या मते रिफ्रॅक्टोमीटरच (पाण्यातून जाताना प्रकाश किती वळतो यावरून लवणता दाखवणारे उपकरण) घ्यावा. मात्र बाजारातील अनेक रिफ्रॅक्टोमीटर समुद्राच्या पाण्यासाठी नव्हे, तर साध्या मिठाच्या द्रावणासाठी आखलेले असतात, त्यामुळे केवळ शुद्ध पाण्यावर शून्य जुळवून भागत नाही. दर हजारी ३५ च्या प्रमाणित द्रावणावरही ते तपासून घ्यावे. २५ अंश सेल्सिअसला या लवणतेच्या पाण्याची सापेक्ष घनता, म्हणजे शुद्ध पाण्याच्या तुलनेतील घनता, सुमारे १.०२६ असते. बाष्पीभवनाने केवळ पाणी उडते, मीठ मागे राहते, तेव्हा घटलेली पातळी आरओच्या गोड्या पाण्यानेच भरावी, खाऱ्या पाण्याने नव्हे.