आधी काकांना फोन लाव

बारावी सायन्सची मुलगी, राहते सिंहगड रोडला. पत्र चांगलं लांबलचक आहे, इंजिनीअरिंगसाठी जेईई सोडून नुसत्या राज्याच्या सीईटीवर भर देऊ का, अजून एका क्लासची टेस्ट सिरीज लावू का, आई म्हणते पुण्याचं सीओईपी कॉलेजच, रात्री झोप लागत नाही. आणि अगदी शेवटी, जाता जाता, "ओबीसीमधून फॉर्म भरायचाय, जातीच्या दाखल्याची व्हॅलिडिटी, म्हणजे पडताळणी, अजून झाली नाहीये, आजोबांचा दाखला जुन्नरला काकांकडे आहे, त्यांच्या मुलाची, म्हणजे माझ्या चुलत दादाची, व्हॅलिडिटी झालीये पण बाबा आणि काका जमिनीवरून बोलत नाहीत, बघू."

अगं, बघू काय बघू? सगळ्या पत्रात महत्त्वाची ओळ तीच आहे आणि ती तू तळाला ढकललीयस. सीईटीचं एका वाक्यात सांगते, २०० पैकी १०० मार्क गणिताचे आणि निगेटिव्ह मार्किंग नाही, तेव्हा आहे त्या क्लासचेच पेपर नीट सोडव, दुसरी सिरीज नको. झालं.

आता कागदांचं. ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा मागतात, म्हणजे आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, ज्यावर जात स्पष्ट लिहिलीये, तो सोन्यासारखा. त्यात सख्ख्या चुलत भावाची व्हॅलिडिटी झालीये म्हणजे अर्धं काम झालंय, वंशावळीत तुम्ही दोघं एकाच आजोबांखाली येता, जात पडताळणी समिती तेच बघते. आणि एवढं सगळं घरात असून तुझा अर्ज अडलाय कशावर, तर दोन भावांच्या अबोल्यावर. प्रवेशाच्या कॅप राउंडला व्हॅलिडिटी नसली तर ओबीसीची सीट हातची जाते, तुला ओपनमध्ये धरतात. कधीकधी मुदत वाढवून मिळते, पण त्या भरवशावर बसलेल्या पोरांचे आणि पालकांचे ऐन जून-जुलैत काय हाल होतात ते मी बघितलेत.

बाबांची बाजू काय, काकांची काय, मला ऐकायचीच नाहीये. तूही ऐकत बसू नकोस. बाबा फोन करतील म्हणून थांबलीस तर वर्ष जाईल. तू त्यांची पुतणी आहेस, त्या भांडणात तू कुठेच नव्हतीस, आज संध्याकाळी तूच फोन लाव. "काका, मी बोलतेय, मला आजोबांचा दाखला आणि दादाच्या व्हॅलिडिटीची झेरॉक्स हवीये, रविवारी एसटीने येते," एवढंच बोल. जमिनीचा विषय निघालाच तर म्हण, ते तुमचं तुम्ही बघा. घरी आईला सांगून जा, बाबांनाही सांग, फक्त परवानगी मागत बसू नकोस.

दाखला जुना असेल, कडा फाटलेल्या असतील, लॅमिनेशन करू नकोस हं, आणि अक्षर पुसट झालं असेल तर त्याच शाळेतून जनरल रजिस्टरचा उतारा काढून आण. सोमवारी कॉलेजच्या ऑफिसात जाऊन व्हॅलिडिटीच्या फॉर्मवर सही-शिक्का घे. नॉन क्रिमीलेयर, म्हणजे उत्पन्न मर्यादेत असल्याचं प्रमाणपत्र, त्यावरची तारीखही बघ, ते ३१ मार्चला संपतं, कुठल्या सालच्या ते नीट वाच.

समितीत अर्ज जमा केल्याची पावती हातात आली की मला कळव. मग जेईईचं बोलू.